अनुदान किती ते नंतर, विहीर किती देते ते आधी

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. घरची शेती साडेचार एकर, त्यातली ३ एकर पतीच्या नावावर आणि विहिरीला लागून असलेली दीड एकर त्यांच्या स्वतःच्या नावावर. दोन एकर कापूस, अडीच एकर सोयाबीन, सोयाबीनच्या रानात पुढे हरभरा. विहिरीवर ५ एचपीची मोटर. जानेवारीत ती साडेतीन तास चालते, होळीनंतर दोन तासांत विहीर उपसते. कापूस डिसेंबरात उपटून त्याच जागी ठिबकवर टरबूज घ्यायचं त्यांच्या मनात आहे. डीलरने साडेचार एकरांचं २ लाख ३० हजारांचं कोटेशन दिलं आणि सांगितलं, "८० टक्के सरकार देतं, तुम्हाला फक्त ४६ हजार." ताईंकडे ६० हजार बाजूला आहेत. अर्ज डीलरच भरणार, त्यासाठी ओटीपी आणि सही केलेला एक कोरा चेक त्याने मागितला आहे. तिकडे वेगळे राहणारे, चार एकरांचे दीर म्हणतात, "बाईच्या नावावर ट्रॅक्टरला जास्त अनुदान मिळतं. वहिनी, अर्ज तुमच्या नावाने करू, हप्ते मी भरीन." बचतगटात ड्रोनचीही चर्चा सुरू आहे. ताई लिहितात, "सरकार एवढं देतंय आणि आपणच मागे राहतोय असं वाटतं. तिन्हींपैकी काय घ्यावं? आणि दिरांना नाही म्हटलं तर घरात वितुष्ट येईल."

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन वस्तू आहेत आणि तिन्हींचा विचार अनुदानापासून सुरू होतो. कशावर किती टक्के मिळतात, ते आधी आलं. रानाला काय हवंय, हा प्रश्न कुठेच आला नाही. तो आधी विचारू. त्यासाठी कुठलंही पोर्टल लागत नाही. २०० लिटरचा एक ड्रम आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरेल.

मोटर सुरू करून पाच मिनिटं चालू द्या. मग पाइप ड्रममध्ये सोडा आणि ड्रम किती सेकंदांत भरतो ते पाहा. तीन वेळा मोजून सरासरी काढा. समजा ३६ सेकंद लागले, तर तुमचा पंप तासाला २०,००० लिटर देतो. होळीनंतर विहीर दोन तास चालते, म्हणजे दिवसाला ४०,००० लिटर. तुमच्या शेतीचा खरा आकडा हा आहे. ठिबक बसवल्याने तो वाढत नाही. ठिबक पाणी पुरवून वापरतं, विहिरीचे झरे ते मोठे करू शकत नाही.

आता पिकाची बाजू. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी द्यायचं तर ४,०४७ लिटर लागतात. मार्चच्या उन्हात भरात आलेल्या टरबुजाला रोज साधारण ६ मिलिमीटर धरा. ठिबकमध्येही दहा टक्के इकडेतिकडे जातं, म्हणून एकरी रोजची गरज २७,००० लिटर. ४०,००० ला २७,००० ने भागलं की उत्तर येतं जवळजवळ दीड एकर. हेच पाणी पाटाने दिलंत तर निम्म्याच्या आसपास वाटेत आणि मुळांच्या खाली जाईल, आणि एक एकरही धड भिजणार नाही. म्हणजे ठिबकचा फायदा खरा आहे, पण तो दीड एकरापुरता आहे. ऑक्टोबरात विहीर भरलेली असताना साडेचार एकरांचं ठिबकही झकास चालेल. मार्चमध्ये मात्र त्यातल्या तीन एकरांवरच्या नळ्या कोरड्या पडून राहतील, आणि कोरड्या नळ्यांवर उंदीर आधी येतात.

ड्रम भरायला तुमच्याकडे वेगळा वेळ लागला, तर हाच हिशोब तुमच्या आकड्याने करा. मोटर किती एचपीची आहे यावरून पाण्याचा अंदाज बांधू नका. विहीर खोल असेल किंवा पाइप लांब असेल तर ५ एचपीची मोटरही बरंच कमी पाणी देते.

सोयाबीन आणि हरभऱ्याच्या रानाचं काय, असं तुम्ही विचाराल. दाट पेऱ्याच्या या पिकांना ठिबकपेक्षा तुषार संच सोयीचा पडतो. तो उचलून दुसऱ्या रानात नेता येतो, आणि त्यालाही याच योजनेतून अनुदान आहे. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी मिळाली तरी मोठा फरक पडतो. ऐन फुलोऱ्यात मात्र तुषार चालवू नका, फूल गळतं. ते पुढच्या वर्षी बघा. या वर्षी ठिबक, तेही तुमच्या नावावरच्या दीड एकरात.

४६ हजार कुठून आले

डीलरने २ लाख ३० हजारांचे २० टक्के काढले. पण सरकार बिलाचे ८० टक्के देत नाही, ठरवून दिलेल्या खर्च मर्यादेचे देतं. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना (२ हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्यांना) ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के मिळतात. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घालते, म्हणून एकूण ८० आणि ७५. हे टक्के ज्या रकमेवर लागतात ती नळ्यांच्या अंतरावरून ठरते. अलीकडच्या मापदंडांत १.२ बाय ०.६ मीटर अंतराला हेक्टरी १,२७,५०१ रुपये आणि १.५ बाय १.५ मीटरला ९७,२४५ रुपये धरलेले आहेत. क्षेत्राप्रमाणे त्यात थोडा बदल होतो. नेमकी रक्कम पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीआधी मिळणाऱ्या मंजुरीच्या, वेळी कळते.

कापूस आणि टरबूज दोन्हींसाठी पाच फुटांवर नळी टाकायची, म्हणजे दीड मीटर. साडेचार एकर म्हणजे १.८ हेक्टर. ९७,२४५ ने गुणलं तर १,७५,०४१, त्याचे ८० टक्के १,४०,०३३. बिल २ लाख ३० हजारांचं असेल तर तुमचा वाटा ४६ हजार नाही, जवळजवळ ९० हजार. शिवाय अनुदान नंतर येतं. संच बसतो, बिल पोर्टलवर चढतं, कृषी खात्याचा माणूस शेतात येऊन मोका तपासणी करतो, आणि त्यानंतर पैसे तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात. मध्ये काही महिने जातात, निधी अडकला तर जास्तही. तोवर पूर्ण रक्कम तुम्हीच उभी केलेली असते. पूर्वसंमती म्हणजे हातात आलेले पैसे, असं समजून पुढचा खर्च ठरवू नका.

आता दीड एकराचं पाहा. फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) आणि मुख्य पाइपचा खर्च क्षेत्र कमी केलं तरी तेवढा कमी होत नाही, म्हणून बिल एक तृतीयांशावर येणार नाही. ८५ हजार धरू. ०.६ हेक्टरला मर्यादा ५८,३४७ रुपये, अनुदान सुमारे ४६,७००. तुमचा शेवटचा वाटा ३८ हजारांच्या आसपास. तुमच्याकडे ६० हजार आहेत, म्हणजे अनुदान येईपर्यंत २५ हजारांचीच सोय बघायची आहे. तेवढं बचतगटाच्या अंतर्गत कर्जातून होऊ शकतं. ज्या क्षेत्रावर अनुदान घेतलं, तिथे पुन्हा सात वर्षं मिळत नाही. पण उरलेलं क्षेत्र मोकळं राहतं, कारण एका शेतकऱ्याला ५ हेक्टरांपर्यंत लाभ आहे. आज तीन एकर सोडले म्हणून ते कायमचे गेले असं होत नाही.

अर्ज तुम्हीच भरा

कोरा चेक देऊ नका आणि ओटीपी सांगू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे. सीएससी केंद्रात स्वतः बसून अर्ज भरला की झालं. आधी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रिस्टॅकची नोंदणी, झाली आहे का ते बघा. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. तुमच्या नावावरची दीड एकर त्यात जोडली गेली आहे ना, हेही तपासा. बऱ्याचदा नवऱ्याच्या ओळख क्रमांकात त्याचे गट बरोबर दिसतात आणि बायकोच्या नावावरचा गट जोडायचा राहून जातो. बँक खातं आधारशी जोडलेलं असूनही अनुदान भलत्याच जुन्या खात्यात गेलं, असंही होतं. कारण पैसे सर्वांत शेवटी ज्या बँकेला आधार जोडलं त्या खात्यात पडतात. बँकेत जाऊन विचारून घ्या.

विहिरीची नोंद कोणाच्या सातबारावर आहे ते पत्रात नाही. पतीच्या गटात असेल तर तुमच्या रानासाठी ते पाणी वापरायला त्यांचं संमतीपत्र तयार ठेवा. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचंही लागेल. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ असा क्रम आहे. त्यामुळे कागद अपुरे ठेवून अर्ज टाकण्यात अर्थ नाही. त्रुटीत गेला की तिथेच वेळ जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पूर्वसंमतीच्या आधीची खरेदी. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली की अनुदान गेलं. "माल आत्ता टाकून घ्या, बिल नंतरच्या तारखेचं देतो," असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा. पूर्वसंमती आल्यावर तिच्यात दिलेल्या मुदतीत संच बसवून बिल चढवायचं असतं, म्हणून कोटेशन आणि आराखडा आधीच पक्का करून ठेवा.

आराखडा आणि माल कसा तपासायचा

कोटेशन एकरकमी घेऊ नका. प्रत्येक वस्तू, तिची लांबी किंवा नग, दर, असं वेगवेगळं लिहून मागा. पाच फुटांवर नळी टाकली तर एकराला साधारण २,७०० मीटर नळी लागते. तुमच्या दीड एकराला ४,०५० मीटर, म्हणजे ५०० मीटरची आठ बंडलं आणि वर थोडी. बंडलं उतरतील तेव्हा मोजा. कागदावर जास्त आणि रानात कमी, हा प्रकार इथेच होतो, आणि मोका तपासणीत फरक सापडला तर अडकतो शेतकरी. इनलाइन (आतच ड्रिपर असलेल्या) नळीवर आयएसआय खूण आणि आयएस १३४८८, तर पीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ छापलेलं असलं पाहिजे.

भाग पाडताना डीलर घाई करतात, व्हॉल्व्हचा खर्च वाचवतात. ४० सेंटिमीटरवर ४ लिटर ताशीचे ड्रिपर असतील तर एकरात ६,७५० ड्रिपर होतात आणि ते तासाला २७,००० लिटर मागतात. तुमचा पंप समजा २०,००० देतो, तर दीड एकर एका वेळी चालणारच नाही. ३० गुंठ्यांचे दोन भाग केले तरी प्रत्येकाला २०,२५० लागतील, म्हणजे पंप जेमतेम. फिल्टर आणि दाबामुळे पंप मोकळ्या तोंडापेक्षा कमी पाणी देतो, म्हणून शेवटच्या ओळी उपाशी राहतील. २० गुंठ्यांचे तीन भाग करा. प्रत्येकाला १३,५०० लिटर लागेल, उरलेलं बायपासमधून विहिरीत परत जाईल. मार्चमध्ये प्रत्येक भाग एक तास चालवला की तीन तासांत विहिरीचं तेच ४०,००० लिटर पाणी दीड एकरभर सारखं पडतं.

विहिरीच्या स्वच्छ पाण्याला जाळीचा किंवा डिस्कचा फिल्टर पुरतो. शेवाळ असेल तर त्याच्या आधी वाळूचा फिल्टर हवाच. शेततळ्यातून पाणी घेणाऱ्या वाचकांनी त्यात काटकसर करू नये. बोअरमधून रेती येत असेल तर हायड्रोसायक्लोन लागतो. कुठलाही असो, फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक लावून घ्या. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायची वेळ झाली. दाबमापक नसला की माणूस अंदाजाने धुतो, म्हणजे महिनोन्‌महिने धुतच नाही.

पूर्ण पैसे देण्याआधी एक चाचणी घ्या. प्रत्येक भागात पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीतल्या तीन-तीन ड्रिपरांखाली वाटी ठेवा आणि बरोबर सहा मिनिटं पाणी धरा. ४ लिटरच्या ड्रिपरने ४०० मिलिलिटर द्यायला हवं. पहिल्या आणि शेवटच्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर आराखड्यात किंवा जोडणीत चूक आहे. ती त्याच दिवशी दाखवून द्या.

देखभालीचं कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही, पण संच तीन वर्षं टिकतो की दहा, हे तिथेच ठरतं. नळ्यांची टोकं ठरावीक दिवसांनी उघडून गढूळ पाणी काढून टाका, मुख्य पाइपचा फ्लशही सोडा. खत सोडताना आधी दहा मिनिटं साधं पाणी, मग खत, मग पुन्हा दहा मिनिटं साधं पाणी. कॅल्शियम नायट्रेट कधीही फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतात मिसळू नका, साका बसतो आणि ड्रिपर बंद होतात.

आपल्याकडे पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त आहे. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर दिसला की आम्ल प्रक्रिया करा. एक लिटर पाण्यात थेंब थेंब आम्ल घालून सामू (पीएच) ४ होईपर्यंत किती लागलं ते लिटमस नव्हे, पीएच पट्टीने पाहा आणि त्या प्रमाणात व्हेंचुरीतून सोडा. शेवटच्या ड्रिपरलाही सामू ४ आला की पंप बंद करून २४ तास तसंच ठेवा, मग टोकं उघडून धुवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरतात, पण दोन्ही प्रक्रिया कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

कोळपणीच्या वेळी नळ्या ओळीच्या टोकाला गुंडाळून ठेवायची सवय लावा. कोळप्याच्या पासेने कापलेल्या नळ्या जोडत बसण्यात पुढचं पाणी चुकतं.

ट्रॅक्टर कोणाच्या नावावर

दिरांच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. कृषी यांत्रिकीकरणात महिलांना ५० टक्के आणि सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के मिळतात. पण ५० टक्के अल्प आणि अत्यल्प भूधारकांनाही मिळतात, म्हणजे २ हेक्टरांपर्यंत. तुमच्या दिरांचे चार एकर त्यात बसतात. त्यांना स्वतःच्या नावावर तेवढंच अनुदान आहे. मग अर्ज तुमच्या नावाने कशासाठी? कदाचित त्यांना हे माहीत नसेल. कदाचित आधीचं एखादं अवजार अनुदानावर घेतलेलं असेल, किंवा बँकेत जुनी थकबाकी असेल. विचारायला हरकत नाही, आणि विचारल्याशिवाय सही करू नये.

५० टक्के म्हणजे निम्मी किंमत, असंही नाही. ट्रॅक्टरला कमाल मर्यादा आहे. अनेक वर्षं ती सव्वा लाखाची होती. सध्याची तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. सात-साडेसात लाखांच्या ट्रॅक्टरवर सव्वा लाख वजा केले तरी पावणेसहा-सव्वासहा लाखांचं कर्ज उरतं. दहा टक्के व्याज धरलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच ५० हजारांच्या वर. हे कर्ज, आरसीवरचं नाव आणि थकला तर बँकेचा बोजा, तिन्ही तुमच्यावर. तुमच्या नावावर दीड एकरच आहे, आणि तिच्यावर बोजा चढला तर उद्या तुम्हाला पीक कर्ज घेतानाही अडेल. "हप्ते मी भरीन" हे बँकेच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तुमच्या घरची गरज किती, तेही बघा. गेल्या वर्षी नांगरट, रोटा आणि पेरणी मिळून भाड्याला किती गेले ते वहीत काढा. साडेचार एकरांना तो आकडा वर्षाच्या व्याजाइतका व्हायचा नाही. दिरांना भाड्याने ट्रॅक्टर चालवायचा धंदा करायचा असेल तर तो वाईट नाही. पण त्यासाठी वर्षाला किती तास काम मिळेल, गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, चालक कोण, हा हिशोब धंद्यासारखाच मांडावा लागेल, आणि तो त्यांच्या नावावर.

तुमच्या सोयाबीनला ट्रॅक्टरच्या मालकीपेक्षा रुंद वरंबा सरीने केलेली पेरणी जास्त उपयोगाची आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. अशा पेरणीचं बीबीएफ यंत्र भाड्याने मिळतं, आणि बचतगटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने अवजारे बँक उभारली तर त्यासाठी वेगळं अनुदान आहे.

ड्रोनचं थोडक्यात. नमो ड्रोन दीदी योजनेत निवड झालेल्या बचतगटाला ८० टक्के, कमाल ८ लाख मिळतात, आणि गटातल्या एकीला १५ दिवसांचं प्रशिक्षण असतं. साडेचार एकरांसाठी ड्रोन घेणं परवडणार नाही, फवारणी भाड्याने करून घ्या. गट म्हणून उतरायचं असेल तर आधी आसपासच्या गावांत किती एकरांची फवारणी नक्की मिळेल ते नावांसकट लिहून काढा. एका बॅटरीवर काही मिनिटंच उडता येतं, म्हणून बॅटऱ्यांचे चार-पाच संच, चार्जिंगची सोय आणि ते सगळं बांधावर नेणारी गाडी लागते. बॅटऱ्या झिजतात आणि नव्या महाग आहेत, तो पैसा दर एकरामागे बाजूला काढावा लागतो.

राहिला दिरांचा प्रश्न. नुसतं "नको" म्हणून विषय तोडू नका. पतीला सोबत घेऊन त्यांच्यापुढे कागद ठेवा: "भाऊजी, अल्पभूधारक म्हणून तुम्हालाही ५० टक्केच मिळतात. माझ्या सातबारावर मी ठिबकचा अर्ज करतेय, त्यामुळे दुसरं कर्ज मला घेता येणार नाही. तुम्ही तुमच्या नावाने ट्रॅक्टर घेतलात, तर आमच्या साडेचार एकरांचं काम दरवर्षी तुम्हालाच देऊ, गावच्या दराने, रोख." पहिलं गिऱ्हाईक घरातूनच मिळतंय, हे त्यांनाही कळेल. तरीही ते तुमच्याच नावावर अडून बसले, तर ज्या कारणासाठी अडलेत ते कारण पतीकडून शांतपणे काढून घ्या, आणि तोवर आधार कार्ड आणि सातबाऱ्याच्या प्रती कोणाकडे देऊ नका.